प्रदूषणाचा खोकला

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "सिस्टर, तुम्ही एवढी वर्षं कॅन्सरच्या पेशंटांत काढलीत, काहीतरी लिहा ना. पण हलकंफुलकं हं, ऐन दिवाळीत लोकांना रडवू नका."

कॅन्सरच्या वॉर्डावर हलकंफुलकं. तरी मी हो म्हटलं. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला मंडळाला नाही म्हणायची सोय नसते, पुढच्या गणपतीत मोदकांच्या रांगेत त्याच बाई समोर उभ्या असतात. तर हलक्यापासून सुरुवात करते. शेवटापर्यंत हलकं राहील असं वचन मात्र मी दिलेलं नाही.

फरीदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलात मी केमोथेरपीचा विभाग सांभाळत होते. लोकांना वाटतं, या कामात शीर शोधून सुई लावणं सगळ्यांत अवघड असेल. शीर सापडते. अवघड काम दारात असतं. आत ज्यांना औषध चढतंय त्यांना बाहेरच्या माणसांपासून वाचवायचं, आणि बाहेरची माणसं कोण, तर त्यांच्यावर जीव टाकणारी. शत्रू असता तर हाकलणं सोपं गेलं असतं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. केमोचं औषध आंधळं असतं. भराभर वाढणारी पेशी दिसली की मारायची, एवढंच त्याला कळतं. त्यात कॅन्सर मरतो, केस जातात, तोंड येतं, आणि हाडांच्या मगजात रोज नव्यानं तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. या पेशी म्हणजे आपल्या शरीराची राखण. औषध दिल्यावर आठवडाभरानं त्या तळाला जातात आणि मग हळूहळू वर येतात. त्या मधल्या दिवसांत तुमची-माझी साधी सर्दी त्या माणसाच्या छातीत उतरू शकते. आपण चार दिवस नाक पुसतो, तो ऑक्सिजनवर जातो. आणि बचावला तरी पुढची केमो लांबते. तेवढ्या सवडीत आजार काय करेल ते कोणी सांगू शकत नाही.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. ऐकणारा मान डोलावतो, "बिल्कुल, बिल्कुल," म्हणतो आणि लगेच मुठीत खोकतो.

"खांसी है आपको?"

"नहीं नहीं मैडम. ये तो प्रदूषण की है."

दिवाळी संपली की दिल्लीतला प्रत्येक खोकला प्रदूषणाचा होतो. हवा इतकी वाईट असते की ते खरंही वाटतं. डोळे चुरचुरतात, घसा खरवडतो, सगळं शहर खाकरत असतं. त्या गोंगाटात कुणाचा खोकला धुराचा आणि कुणाचा व्हायरसचा, हे देवालाही कळणार नाही. म्हणून मी दारात नियम केला होता: खोकला तो खोकला. कारण विचारायचं नाही, आत सोडायचं नाही. नव्या मुलींना मी शिकवायचे, "कुणी प्रदूषण म्हटलं की समजायचं, हा घरी तीन दिवस शिंकतोय."

आणि ताप आला की "वायरल है, अपने आप ठीक हो जाएगा." केमोच्या पेशंटला ताप आला तर घरी थांबायचं नाही, तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे मी डिस्चार्जच्या वेळी दर पेशंटच्या नातेवाइकाकडून तोंडपाठ म्हणवून घ्यायचे. मंत्रालयातला एक सेक्शन ऑफिसर होता. स्वतःच पेशंट. त्यानं गोळ्या घेऊन ताप दाबला आणि शनिवार-रविवार काढला. का, तर ऑफिसात आजाराचं सांगितलंच नव्हतं, सोमवारी मीटिंग होती. मीटिंगमध्ये शेजारी बसलेला सहकारी शिंकत होता, त्याला काय माहीत. मंगळवारी हा स्ट्रेचरवरून आला. जगला. पण चिडला कुणावर, माझ्यावर. म्हणे, "आपने ठीक से समझाया नहीं था." मी त्याच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं होतं.

पांढऱ्या पेशींना आमच्याकडे काउंट म्हणतात. घरचे लोक काउंट विचारतात ते मॅचचा स्कोअर विचारावा तसं. कमी आहे म्हटलं की संध्याकाळपर्यंत पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध हजर. डेंग्यूत लोक ते देतात, तेही वेगळ्याच पेशींसाठी, यातलं इथे काही चालत नाही, सांगून मी थकले. मात्र घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या म्हटलं की चेहरे पडायचे. "हमें क्यों? बीमार तो ये हैं."

पानिपतचे एक ताऊजी होते, चादरींच्या कारखान्याचे मालक. त्यांना भेटायला दोन गाड्या भरून माणसं आली. मी अडवलं. त्यातल्या एका पागोटेवाल्यानं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि एकदम आवाज मऊ केला. "बहनजी, आप महाराष्ट्र की? हम भी मराठे हैं. अढाई सौ साल से यहीं रह गए."

पानिपतच्या लढाईनंतर मागे राहिलेल्यांचे वंशज म्हणवणारे लोक तिकडे आहेत, हे मला माहीत होतं. पण ते नातं माझ्या वॉर्डाच्या दारात वसूल होईल असं वाटलं नव्हतं.

"फिर तो आप मेरी बात मानेंगे," मी म्हटलं. "अंदर एक जाएगा. जो खांस नहीं रहा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. न खोकणारा एकही निघेना. शेवटी सगळे खाली पार्किंगमध्ये उभे राहिले आणि ताऊजींना मी खिडकीशी नेलं. खालून पागोटी हलली, वरून ताऊजींनी हात हलवला आणि मला म्हणाले, "अच्छा किया. ये अंदर आते तो मुझे इनकी खेती की सारी लड़ाई सुननी पड़ती."

इथपर्यंत हलकंफुलकं झालं. संपादकबाईंनी इथेच कात्री लावली तरी माझी तक्रार नाही. पण मला खरं लिहायचंय ते नलूताईंबद्दल.

नलूताई वानखेडे आमच्याच सोसायटीत राहायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, केंद्रीय विद्यालयातून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान वानखेडेसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. मी नगरकडची, ख्रिस्ती, त्या नागपूरच्या. पण परमुलखात एवढं पुरतं. माझ्या मुलीला मराठी शुद्धलेखन त्यांनीच शिकवलं, नाहीतर ती अजून 'ळ'ला घाबरली असती. आमच्याकडे नाताळात करंज्या होतात, त्यामुळे करंजीतलं मला कळतं असा नलूताईंचा ठाम समज होता. दर दिवाळीत त्यांच्या घाण्यातली पहिली करंजी परीक्षेसाठी माझ्याकडे यायची.

कोविडच्या दोनेक वर्षं आधी त्यांना लिम्फोमा निघाला. लसिकेच्या गाठींचा कॅन्सर, पण औषधाला चांगलं उत्तर देणारा. उपचार आमच्याच हॉस्पिटलात सुरू झाले. मधल्या तपासणीत गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर शेवटून दुसरी केमो झाली. एकच राहिली होती. डॉक्टर सहसा हसत नाहीत, ते हसून म्हणाले होते, "मैडम, बस एक और."

म्हणून मी वानखेड्यांच्या घराला माझा वॉर्ड करून टाकलं. मोलकरणीला महिनाभर सुट्टी. फराळाला कोणी येणार नाही. वानखेडेसाहेबांना लस, बाहेरून आले की हात धुणं, बाजारात जायचं तर मास्क. ते म्हणायचे, "सिस्टर, मी तीन सेक्रेटरींच्या हाताखाली काम केलं, पण असा धाक नव्हता." नलूताईंच्या दंडातून एक बारीक नळी आत सोडलेली होती, औषध त्यातून द्यायचं. ती आठवड्यातून एकदा साफ करून पट्टी बदलावी लागते. त्यासाठी हॉस्पिटलच्या गर्दीत यायला नको म्हणून ते काम मी घरी जाऊन करायचे. त्या घरात बाहेरून आत जाणारी व्यक्ती एकच होती. मी.

भाऊबिजेला नलूताईंचे धाकटे भाऊ नागपूरहून आले. शरददादा. न कळवता आले, बहिणीला आनंदाचा धक्का द्यायला. मला वानखेडेसाहेबांनी फोन करून बोलावून घेतलं, कारण मेहुण्याला दारात थांबवायची त्यांची हिंमत नव्हती. मी जिना चढून गेले तर शरददादा जाळीच्या दाराबाहेर बॅग घेऊन उभे. नाक लाल.

"सर्दी आहे तुम्हाला?"

"छे हो. एसीची आहे. रात्रभर डब्यात थंडी वाजत होती."

"एसीची सर्दी नसते, दादा."

"अहो सिस्टर, मी सख्खा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगते."

आतून नलूताई मला म्हणाल्या, "मंगल, दोन मिनिटं येऊ दे ना त्याला. लांब बसेल." मी नाही म्हटलं. त्यांच्या काउंटचे ते सगळ्यांत खालचे दिवस होते. शेवटी नलूताई आत खुर्चीवर बसल्या, डोक्याला स्कार्फ, मांडीवर शाल. बंद जाळीच्या आतून त्यांनी निरांजन ओवाळलं. दादांनी बाहेरच्या बाजूनं जाळीला कपाळ लावलं, तर मी मागे व्हायला सांगितलं. ओवाळणीचं पाकीट आणि वहिनींनी दिलेला करंज्यांचा डबा त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवला. मी डबा बाहेरून पुसून आत दिला. ते म्हणाले, "चला, मग निघतो." बहिणीचं घर समोर असताना त्यांची राहायची सोय आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात केली. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहायला हवं. असं दुसरं कोण करू शकतं, असंच वाटलं.

त्यानंतर आठवडाभरानं मी पट्टी बदलायला गेले. माझा घसा दोन दिवस खवखवत होता, खोकला येत होता. बाहेर धूर इतका की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. वॉर्डातल्या सगळ्याच मुली खोकत होत्या. ताप नव्हता, अंग दुखत नव्हतं. मी स्वतःला काय सांगितलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल.

दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. विभागातली एखादी मुलगी तासाभरासाठी आली असती. पण खोकल्यासाठी सुट्टी मागणारी सिस्टर मी कधी नव्हते, आणि नलूताईंचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. मास्क लावून गेले. हातमोजे घातले, नळी साफ केली, पट्टी बदलली, सगळं काटेकोर. निघाले तर नलूताई म्हणाल्या, "दिवाळीचं तोंडात काही न घालता जाशील?"

"नको, नलूताई. मास्क आहे."

"अगं, वहिनीच्या करंज्या तशाच पडल्यात. माझ्या तोंडाला सगळं लोखंडासारखं लागतं. तू खा आणि मला सांग कशी झालीय. तेवढंच माझंही खाल्ल्यासारखं होईल."

मी मास्क खाली केला. त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसून करंजी खाल्ली. खाताना एकदा ठसका लागला, मी तोंड फिरवलं. त्या पाणी आणायला उठायला लागल्या, मी बसवलं. गप्पा मारत बसलो. मुलीचं, शाळेचं, इकडचं तिकडचं. चहा त्यांनी वानखेडेसाहेबांकडून करवून घेतला. तो संपेपर्यंत मास्क हनुवटीवरच होता.

चार-पाच दिवसांनी त्यांना ताप आला. वानखेडेसाहेबांनी मी पढवल्याप्रमाणे गोळी दिली नाही, वाट बघितली नाही, तडक घेऊन आले. सगळं बरोबर केलं त्या माणसानं. इमर्जन्सीत डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "घर में किसी को खांसी-जुकाम?"

वानखेडेसाहेब म्हणाले, "मेरा साला आया था नागपुर से. उसे जुकाम था. पर वो तो बाहर ही खड़ा रहा."

डॉक्टरांनी मान हलवली. "कभी-कभी उतना भी काफ़ी होता है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, आप तो इनके घर को जानती हैं. और कोई?"

मी नलूताईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावत होते. मी म्हटलं, "नहीं सर. किसी को आने ही नहीं दिया."

खोटंही नव्हतं ते. मी स्वतःला कोणी म्हणून धरलंच नव्हतं.

नाकातल्या नमुन्यात जो व्हायरस सापडला तो बालरोग विभागात हिवाळाभर दिसतो. धडधाकट मोठ्या माणसाचा त्यानं घसा धरतो, नाक गळतं आणि खोकला बरेच दिवस रेंगाळतो, बस. त्यावर हमखास चालेल असं औषध नव्हतं. लागण झाल्यापासून किती दिवसांनी लक्षणं दिसतात हे मला शिकवायला कुणी नको होतं. भाऊबीज त्या हिशेबात बसत नव्हती. करंजी बसत होती. माझी तपासणी मी करून घेतली नाही. करून घेतली असती तर कळलं असतं, म्हणूनच नाही घेतली.

नलूताई आयसीयूत गेल्या आणि तिथून परत आल्या नाहीत. शेवटची केमो राहिली ती राहिलीच.

शरददादा आले, आयसीयूबाहेर भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगत होता. मी यायलाच नको होतं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असं म्हणू नका, दादा." त्या वाक्यानं ते आणखीच खरं झालं. दोषी माणसाचीच आपण अशी समजूत काढतो.

पुढे कोविड आला. सगळं जग तेच करायला लागलं जे मी वर्षानुवर्षं दारात उभी राहून सांगत होते. लोक म्हणाले, सिस्टर, तुम्ही आधीपासून सांगत होता, मानलं तुम्हाला. आता तो गेला म्हणतात, आणि पुन्हा तसेच मुठीत खोकत कॅन्सरच्या माणसाला भेटायला निघतात, हातात संत्री. मला राग येतो. खूप येतो. पण राग पूर्ण चढायच्या आत मला ती चहाची कपबशी दिसते आणि आवाज खाली येतो. मुलींना वाटायचं सिस्टर मवाळ झाल्या. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली.

शरददादांचा मात्र दर भाऊबिजेला फोन येत राहिला. नलूची सेवा केलीत म्हणून तुम्हीच आता बहीण, असं म्हणायचे. मला ताई म्हणायला लागले. आणि दरवर्षी फोन ठेवताना एक वाक्य, "ताई, मी तेव्हा यायला नको होतं." मी दरवर्षी म्हणायचे, "जाऊ द्या, दादा."

हा लेख छापून आल्यावर त्यांना कुणाकडून तरी कळावं, एवढी मी भेकड नाही. निदान यावेळी नाही. गेल्या रविवारी मीच फोन केला आणि सगळं सांगितलं. घसा, धूर, मास्क, ठसका. इमर्जन्सीत काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. "तुमच्यामुळे नाही झालं, दादा. माझ्यामुळे झालं असणार."

त्यांनी विचारलं, "करंज्या तिनं खाल्ल्या का?"

"नाही. त्यांना चव नव्हती. मला खायला लावली आणि कशी झालीय सांग म्हणाल्या."

"मग काय सांगितलंत?"

"सारणात खसखस जास्त झालीय म्हटलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, वहिनी दरवर्षी जास्तच घालते. शरदला तशीच आवडते."

ते रागावतील, शिव्या देतील, फोन आपटतील, याची मी तयारी केली होती. ते त्यातलं काही करेनात.

"एवढं बोलत बसला होतात तुम्ही दोघी," ते म्हणाले. "चहा घेत."

"हो."

"मग मला निदान आत तरी येऊ द्यायचं होतं."